निवडुंगावरची एकच मादी

टूसॉन, ९ जून

प्रिय बाबा,

गुडघा कसा आहे? बीन्स कच्च्या राहिल्या म्हणून तुम्ही वृद्धाश्रमातल्या नर्सला फैलावर घेतलंत, असं ड्वेन सांगत होता. म्हणजे माझा भाऊ उगाच काळजी करतो, तब्येत ठणठणीत आहे. इकडे दुपारी गाडीच्या दाराला हात लावता येत नाही.

दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, "आपल्या पोरी कशा आहेत?" मी मजेत म्हणते आणि विषय बदलते. ते खरं नाही.

मधे कीटक-संग्रहालयात देखभालीला माणूसच नव्हता. कपाटांत कीड शिरली. सोटोल खिंडीतल्या तुमच्या रानमधमाश्यांचा, आपल्या पोरींचा, खण मी उघडला तर टाचण्या सरळ उभ्या, प्रत्येकीवर तुमच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी, जागा, तारीख, तुमचं नाव. माशी एकीवरही नव्हती. तळाला तपकिरी भुकटी होती. मी तिथंच खाली बसून रडले.

त्याच खिंडीत तांब्याची खाण येतेय, हे ड्वेननं माझ्या सांगण्यावरून तुमच्यापासून लपवलं. ही माशी जगात दुसरीकडे कुठेच नाही, एवढा एकच मुद्दा खाणीला विरोध करणाऱ्या आमच्या हातात होता. सुनावणीत खाणवाल्यांच्या वकिलानं विचारलं, "चिठ्ठ्या दिसताहेत बाई, माशी कुठंय?" ताजा नमुना आणायला मुदत मिळाली.

मग सगळा वसंत मी खिंडीत बसून काढला. वणव्यानंतर वर फार काही उरलेलं नाही, बाबा. ओढ्याच्या वळणावर थोडा निवडुंग वाचलाय, तो फुलला होता. फुलांवर मुंग्या आल्या, भुंगे आले, ती काही येईना. मुदत संपत आली तेव्हा एक आली. मी जाळं टाकलं आणि तिला विषाच्या बाटलीत घातलं.

तुमचा जुना विद्यार्थी गार्थ, तुमच्यानंतर या माश्या ओळखणारा तोच एक. त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं. "मर्ना, ही मादी आहे. खालच्या वाळवंटातल्या साध्या जातीची मादीपण हुबेहूब अशीच दिसते. नर असल्याशिवाय मी सही करणार नाही."

मला हे ठाऊक नव्हतं का? मादी घरातलं काही सांगत नाही, नर सगळं बकून टाकतो, असं म्हणून तुम्ही आईकडे बघून हसायचात. मादीला सोडून द्यायचं आणि नराची वाट बघायची, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. पण इतके दिवस काहीच दिसलं नव्हतं. अधाशासारखा हात पुढे गेला. तिच्या मागच्या पायांना पराग होता. कुठल्यातरी बिळात पिल्लासाठी शिदोरी भरत होती ती.

खाणीला परवानगी मिळाली. सोमवारी यंत्रं वर चढली.

तिला मी टाचणीला लावून ठेवलंय. चिठ्ठीवर पकडणाऱ्याचं नाव माझं आहे, जातीच्या नावाची जागा कोरी आहे. काल गार्थ म्हणाला, तुमची नजर अशी आहे की तुम्ही नराशिवायही सांगाल, आता त्याचा कुणाला उपयोग नसला तरी. ड्वेन तुम्हाला गाडीत घालून आणायला तयार आहे.

येऊ नका, बाबा. तुम्ही बघून "हो, तीच" म्हणालात, तर मला ते ऐकवणार नाही.

रागावलात तरी तुमचीच,
मर्ना