रीळ किती गिअरचं घ्यावं

३ मार्च, सोमवार. सकाळी.
मंडळाची मासेमारीची जोडीस्पर्धा याच महिन्यात. दोन रविवार. एका होडीत दोघं. बास मासा पकडायचा, वजन करायचं, परत तलावात सोडायचा. होडी मेहुण्याची. पुढची जागा माझी, कित्येक वर्षांची. काल मेहुणा सगळ्या मंडळासमोर म्हणाला, दाजी, यंदा काही लागलं नाही तर पुढे जावईबापूंना बसवू या. जावईबापू म्हणजे माझ्याच मुलीचा नवरा. तो शेजारीच उभा होता आणि बुटाची लेस बांधत होता. लेस सुटलेली नव्हती. कट आहे.

मागच्या वर्षी मला एकही मासा लागला नाही हे खरं. पण त्यात माझा काय दोष? मेहुणा म्हणतो, तुम्ही रिळाचं हँडल सारखं फिरवता. गळाला लावलेलं रबरी गांडूळ तळाशी पडू द्यायचं, किंचित हलवायचं, परत पडू द्यायचं. मी विचारलं, तळाशी मेल्यासारखं पडलेलं गांडूळ कोण खाईल? म्हणाला, मासा खाईल, दाजी, तुम्हाला थोडंच खायचंय. सगळे हसले. हसणाऱ्यांची नावं लक्षात ठेवली आहेत.

दोष रिळाचा आहे. नवीन घेणार. मेहुण्याला दाखवणार.

५ मार्च, बुधवार.
दुकानात गेलो. दुकानदार वयाने माझ्या निम्मा, काका काका करतो. रिळावर आकडे असतात. पाच पॉइंट चार, सहा पॉइंट तीन, सात पॉइंट पाच. हँडल एकदा फिरवलं की लाइन गुंडाळणारी आतली चकरी तितक्या वेळा फिरते. मला हे समजावून सांगू लागला. मी म्हणालो, बाळा, मी आयुष्यभर बस चालवली आहे, गिअर मला शिकवू नकोस. घाट चढताना खालचा गिअर. मासा ओढणं म्हणजे घाट. पाच पॉइंट चार दे.

तो म्हणाला, काका, रबरी गांडुळाला लोक वेगवान रीळ घेतात. माशाने तोंडात धरलं की ढिली लाइन पटकन गोळा करावी लागते. म्हणजे शिल्लक माल माझ्या गळ्यात मारायचा. मी ऐकलं नाही. पाच पॉइंट चारच घेतलं. शाळा लवकर सुटली तरी अक्कल सुटलेली नाही.

८ मार्च, शनिवार.
मेहुण्याबरोबर सराव. मासा लागला! पण माशाने नीचपणा केला. दूर पळायचं सोडून होडीकडेच आला. लाइन ढिली पडली. मी फिरवतोय, फिरवतोय, लाइन काही ताणली जाईना. ताणली तेव्हा नुसतं गांडूळ. मेहुणा म्हणाला, काय दाजी, अजून स्टँडातच का?

ढिली लाइन पटकन गोळा करावी लागते, हे दुकानदाराने आधी सांगायला नको?

९ मार्च, रविवार.
दिवसभर डोकं तापलेलं. ही म्हणाली, अहो, टेबल वाजवणं थांबवा. मी वाजवत नव्हतो. बोटं टेकवली होती फक्त.

संकल्प: उद्या सात पॉइंट पाच. मेहुण्याशी बोलणं बंद, होडीपुरतं सोडून.

१० मार्च, सोमवार.
सात पॉइंट पाच आणलं. दुकानदार म्हणाला, काका, वेगवान रीळ म्हणजे वेगात फिरवायचं असं नाही हं. मी विचारलं, मग वेग दिलाय कशाला? तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी.
किनाऱ्यावरून सराव. जावई बरोबर आला, न बोलावता. काय रीळ आहे! हँडलला हात लावला की सुटलंच. गांडूळ तळाशी जायला मागत नाही, पाण्यावरून सरळ माझ्याकडे. जावई म्हणाला, बाबा, ते गांडूळ घाबरलंय. मासा आला नाही. एक पाणकावळा मात्र मागे लागला. त्याला हाकलताना माझी टोपी पाण्यात गेली. जावयाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काढून आणली. मुद्दाम. म्हणजे मुलीला सांगता येईल.

तो फार नम्र आहे. नम्र माणसांवर माझा विश्वास नाही.

१५ मार्च, शनिवार.
मेहुणा घरी आला. उद्या स्पर्धेचा पहिला रविवार. त्याची अट अशी: रिळाचं हँडल काढून त्याच्या खिशात राहील. लाइन मी टाकायची, मग हात मांडीवर. मासा लागला की तो हँडल बसवून देणार. मी म्हणालो, स्टिअरिंग काढून घेतलेला ड्रायव्हर कधी पाहिलास का? तो म्हणाला, पाहिला नाही, पण तुमच्या बसमध्ये बसलोय, तेव्हा वाटलं होतं.

ही त्याची बहीण. नवऱ्याची बाजू घेईल असं वाटलं. तिने त्याला चहा दिला आणि पाना शोधून दिला.

हो म्हणालो. जागा सोडणार नाही. याला डावपेच म्हणतात.

१६ मार्च, रविवार.
लिहावंसं वाटत नाही, पण सत्य कुठेतरी नोंदलं गेलं पाहिजे.

सकाळभर बिनहँडलची रॉड धरून बसलो. हात रिकामे, म्हणून मेहुण्याला बोलत होतो. त्याच्या लग्नात त्याने माझी व्यवस्था कशी ठेवली होती तिथपासून सुरुवात केली. गांडूळ तळाशी पडून. मी पंगतीपर्यंत पोचलो होतो तेवढ्यात रॉड वाकली. अशी वाकली की मीच होडीतून जातो की काय! मेहुणा ओरडला, दाजी, धरा! खिशातून हँडल काढून त्याने बसवलं. बसवताना म्हणत होता, हळू हं, आता हळू, तो दमेल, मग आणायचा. मासा एकदा वर आला. एवढा बास या तलावात मी पाहिला नाही. शेजारच्या होडीतले लोक उभे राहिले.

मी रिळाचा ब्रेक पूर्ण आवळला आणि सात पॉइंट पाच लावला.

लाइन तुटल्याचा आवाज बारीक असतो, पण सगळ्यांना ऐकू जातो.

मेहुणा काही बोलला नाही. किनारा येईपर्यंत नाही, होडी बांधतानाही नाही. माझा एवढा अपमान आजवर कोणी केला नव्हता.

लाइन कमी दर्जाची. उद्या दुकानदाराला जाब विचारणार.

१७ मार्च, सोमवार.
दुकान बंद.
मेहुण्याचा फोन आला, तोही हिच्याकडे. पुढच्या रविवारी जावई बसणार. मी हिला म्हणालो, भावाशी भांडायचं सोडून नुसतं बरं बरं काय म्हणतेस? ही म्हणाली, अहो, दरवर्षी भांडत आलेच की. नाहीतर तुम्हाला कोण बसवत होतं तिथे?

हे मला माहीत नव्हतं. खरं असेल असं वाटत नाही. तरी तिने मला सांगायला नको होतं.

१९ मार्च, बुधवार.
जावई आला. त्याचं रीळ बिघडलंय, म्हणाला, बाबा, तुमचं एखादं मिळेल का रविवारपुरतं? मी दोन्ही टेबलावर ठेवली. दोन्हींचे गिअर समजावून सांगितले. घाटाचा दाखला दिला. तो मान डोलावत होता. शेवटी विचारलं, कितीचं हवं? म्हणाला, कुठलंही चालेल, बाबा.

कुठलंही!

पाच पॉइंट चार दिलं. तेच. यात पाप नाही. कुठलंही असं तोच म्हणाला.

२३ मार्च, रविवार.
औषध आणायचं होतं, म्हणून तलावाच्या रस्त्याने गेलो. होडी दिसली. माझ्या जागेवर जावई. काहीही करत नव्हता. मला आधी वाटलं झोपलाय. हात मांडीवर, नजर लाइनवर. मेहुणा मागे बसून आरामात संत्रं सोलत होता. मी असताना त्याने कधी काही सोललं नाही.

मध्येच जावयाने माझ्याकडे पाहून हात केला. ओळखलं नाही असं दाखवलं. वजन होईपर्यंत थांबलो नाही. त्या रिळावर काय लागणार?

घरी येऊन लक्षात आलं, औषध राहिलं.

२४ मार्च, सोमवार.
पहिले आले. कप मेहुण्याकडे, फोटो मुलीकडे, पेढ्यांचा विषय हिच्याकडे. पुढच्या वर्षीची जोडी मंडळाच्या फळ्यावर आत्ताच लिहून टाकली आहे म्हणे.

दुपारी जावई येऊन रीळ देऊन गेला. धुऊन, पुसून, तेल घालून आणलं होतं. म्हणाला, बाबा, रीळ छान आहे, तुमच्यामुळे झालं. पाया पडला.

तेल जरा जास्त घातलंय.