होडीतली पाचवी जागा

दि. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी बस, मग वाच! तुझी सत्तावन्न वर्षांची बहीण होडीच्या शर्यतीत उतरते आहे. पन्नाशीपुढच्या बायकांची शर्यत, महिनाअखेर, तलावावर. चौघी वल्हवणार, पाचवी सुकाणूवर. आमच्या कप्तानीणबाई पोस्टात आहेत. माझे खांदे बघून म्हणाल्या की सोफ्यांना कापड ताणून ताणून कमावलेत, ते वाया घालवू नका. हे गेल्यापासून दुकान आणि घर यापलीकडे मी कुठे दिसत नव्हते, तुला ठाऊकच आहे. आता सकाळी पाण्यावर असते आणि दिवसभर भूक लागते!

एकच घोळ झालाय. अंगात जोर यावा म्हणून उघड्या फरशीवर सिट-अप्स काढल्या, त्यात क्लबातल्या वल्हवायच्या यंत्राची ती टणक बैठक. माकडहाड असं ठणकतंय की शिलाई मशीनवर तिरकी बसते. गिऱ्हाइकांना वाटतं, बाई बोलते तशीच बसते. वहिनीला सांगू नकोस, हसेल.

लोभ आहे तेवढा असू दे, ओरडा मात्र बेताचा.
तुझी ठमी

दि. ९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

वहिनीला सांगितलं. ती हसली, मी नाही. जन्मभर बस चालवली, बूड दुखणं म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. आमच्या डेपोतल्या एकाने असंच अंगावर काढलं, शेवटी त्याला जेवायलाही धड बसता येईना. होडी सोड. चालायचं तेवढं चाल. आणि उद्याच्या उद्या डॉक्टर गाठ. तू तिथे एकटी. काही झालं तर मी इथून काय करणार, या विचाराने घास उतरत नाही.

रागावलोय, माया कमी झालेली नाही.
तुझा दादा

दि. १६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हाड शाबूत आहे! नुसती सूज. मी पोक काढून मागे रेलत होते, सगळा भार त्या टोकावर, असं डॉक्टर म्हणाल्या. सध्या वल्हं बंद, सिट-अप्स बंद. किंचित पुढे झुकून बसायचं, मधूनमधून उठायचं, शेक घ्यायचा आणि मागून कापलेली उशी वापरायची. उशी म्हटल्यावर काय, मीच! दुकानातल्या कडक फोमला मागे खाच पाडली. बसले, माकडहाड अधांतरी, आणि कितीतरी दिवसांनी हुश्श केलं.

मग क्लबात जाऊन सांगितलं की माझ्या जागी दुसरी घ्या. सांगता सांगता रडूच फुटलं. कप्तानीणबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की तुम्हाला ओरडता येतं का. सुकाणूवर आमची एक शाळामास्तरीण होती, तिला वल्ह्याची फार हौस. झाली अदलाबदल! सुकाणूवालीने दिशा धरायची आणि ओरडून ताल द्यायचा; तिला मागेपुढे सरकावं लागत नाही, उशीवर बसता येतं. डॉक्टरांना विचारलं. दुखलं नाही तर खुशाल बसा, म्हणाल्या. दादा, पाचवी जागा माझी!

शर्यत तीस तारखेला, सकाळी. राग गेला असेल तर ये.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ठमी

दि. ३ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तिसऱ्या आलात, हे तू चार पानं भरून कळवलंस. गरज नव्हती. मी तिथे होतो.

खरं सांगू? तुला होडीतून उतरवायलाच आलो होतो. बस उशिरा पोचली, तोवर तुम्ही सुटला होतात. गर्दीत काही दिसेना. आधी तुझा आवाज आला. अगं, भावोजी गेल्यापासून फोनवर तू इतकी हळू बोलायचीस की मी दोनदोनदा विचारायचो. आणि इथे अख्ख्या तलावावर तू त्या चौघींना दामटत होतीस! पिवळ्या होडीला मागे टाकलंत तेव्हा मी नाचताना शेजारच्या माणसाची टोपी पाण्यात घालवली. तो भडकला. मी त्याला म्हटलं की ती ओरडतेय ना, ती माझी बहीण. तर तोही ओरडायला लागला.

किनाऱ्यावर तुला भेटलो नाही. डोळ्यांची दशा अशी झाली होती की तुझ्या मैत्रिणींपुढे कोणत्या तोंडाने येणार? पुढच्या वेळी वहिनीला घेऊन येतो, अगदी पुढे उभा राहतो.

आवाज असाच ठेव.
तुझा दादा