इरा कुठल्या जिल्ह्यात राहते

४ जून
इराची शाळा आज उघडली. इरा नाही. मे महिन्यात अभय तिला आजीकडे नाशिकला घेऊन गेला होता, सुट्टीपुरती. परतीचं तिकीट मीच काढलेलं. काल त्याचा फोन, "ती आता इथेच शिकेल. ॲडमिशन झाली." मी मीटिंगमधून उठून बाहेर आले होते. परत आत जाऊन बसले. नंतर काय बोलले ते आठवत नाही.
यापुढे इथे नुसतं अ. नवऱ्याचं पूर्ण नाव लिहवत नाही.

९ जून
अ.शी पुन्हा फोनवर. त्याची बदली नाशिकच्या कारखान्यात झाली आणि मी चेन्नईतलं पेरुंगुडी सोडायला तयार नव्हते, हे खरं. पण पोरीचं असं काही ठरलं नव्हतं. "तू घरी येईपर्यंत ती असते कुठे? शेजाऱ्यांकडे. सहा वर्षांची आहे ती. इथे माझी आई आहे घरात."  फोन ठेवून खाली निघाले.
लिफ्टमध्ये याळिनी, इराची मैत्रीण. "इरा एप्पो वरुवा?" कधी येणार.
"सीक्किरम," म्हटलं. लवकर.

२१ जून
अण्णा नगरला वकील गाठल्या. रुक्मिणी राव. सत्तरीच्या, तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी जुनं आहे, मधेच तमिळमध्ये शिरतं. मुलीच्या ताब्यासाठी अर्ज करायचा म्हटलं तर म्हणाल्या, "लेकरूं कोठें राहतें, तेथलें कोर्ट. कायदा इतकाच आहे, अम्मा."
मग सोपं आहे, ती इथेच राहते, मी म्हटलं.
"आज कोठें आहे?"
नाशिकला, म्हटलं.
"तेच तर ते विचारतील."

१८ ऑगस्ट
चेन्नईतच अर्ज केला, त्यावर अ.च्या वकिलाचं उत्तर आलं. मुलगी नाशिकला राहते, तिथे शाळेत जाते, सबब चेन्नईच्या कोर्टाला हा अर्ज ऐकायचा अधिकारच नाही. बस. मी आई कशी आहे, तो बाप कसा आहे, यातलं एक अक्षर नाही. वाटलं होतं भांडण त्यावर होईल. मी तयारीही त्याचीच केली होती.

३० ऑगस्ट
वकील र. मॅडमकडे. आज चिडून विचारलं, कोर्टाला हद्द लागतेच कशाला. त्यांनी कॉफी पुढे केली आणि बोलत बसल्या. तुमचं पेरुंगुडी तेव्हा शहरात नव्हतंच, खेडं. चिंगलपेट जिल्ह्यात. गोऱ्यांच्या वेळी शहराला एक कोर्ट, शहराबाहेर जिल्ह्याला दुसरं, मधे हद्दीचा दगड. पुढे शहर वाढलं, जिल्हे तुटले, नावं बदलली, गावं इकडची तिकडे गेली. लोक होते तिथेच.
मग त्यांच्या आत्याचं सांगितलं. आत्या मैलापूरला, म्हणजे शहरात, माहेरी. मुलगा सासरच्यांनी ठेवून घेतलेला, हद्दीबाहेरच्या गावात. तिने शहरात अर्ज केला. कोर्ट म्हणालं, इथे नाही, चिंगलपेटला जा. तिकडे गेली, तोवर सासरच्यांनी मुलाला तंजावरला नेलेलं. म्हणजे तिसरा जिल्हा.
"मिळाला का मुलगा?"
"भेटला. एका लग्नांत. मोठा झालेला. तिला 'मामी' म्हणाला."
मामी इथे कुठल्याही परक्या बाईला म्हणतात.
कॉफी तशीच राहिली. निघताना म्हणाल्या, "घाबरवायला नाही सांगितलें. तुम्ही उगीच थांबून राहू नये, म्हणून."

१७ ऑक्टोबर
जज बाईंनी इराला चेन्नईच्या कोर्टात बोलावलं होतं. अ. घेऊन आला. कॉरिडॉरमध्ये ती धावत आली, मग मधेच थांबून बापाकडे बघितलं. त्याने मान हलवली, तेव्हा आली. उंच झालीय. केसांना वेगळ्याच तेलाचा वास.
आत तिला एकटीला नेलं. आम्ही दोघं बाहेर एकाच बाकावर. अ. म्हणाला, "झोपतेस ना नीट?" मी हो म्हटलं. तो वाळलाय. त्यालाही हे...
असो.
आत काय झालं ते र. मॅडमकडून नंतर कळलं. जज बाईंनी तमिळमध्ये विचारलं, तुझं घर कुठे? इराला कळलं होतं, नक्की कळलं असणार, खेळायची भाषाच तिची ती. पण उत्तर मराठीत दिलं. "आधी इथे. आता तिथे."
दुभाष्याने तेवढंच सांगितलं. खरंच आहे ते.

११ डिसेंबर
निकाल. अर्ज परत. योग्य त्या कोर्टात, म्हणजे नाशिकला, दाखल करावा. इराच्याच वाक्यावरून, असं मला वाटतं. मॅडम नाही म्हणतात, शाळा वगैरे बरंच होतं.
आता दोन वाटा. इथे हायकोर्टात अपील, म्हणजे वर्षं जातील आणि तेवढ्यात ती आणखी तिथली होईल. नाहीतर नाशिकला अर्ज, म्हणजे ती तिथली आहे हे आधी मीच सही करून कबूल करायचं.
"तुम्ही काय केलं असतं?"
"मला लेकरूं नाही, अम्मा. मीं कसें सांगूं?"
गिंडीला मेट्रोतून उतरायचं विसरले. पुढच्या स्टेशनवरून चालत मागे आले.

१६ जानेवारी, नाशिक
पोंगलची सुट्टी जोडून आले. अ.ने नाही म्हटलं नाही. सासूबाईंनी दारात पाणी दिलं, "दमली असशील." इराने मला घर दाखवलं. बाथरूम इकडे, गीझरचं बटण हे, टॉवेल हा पाहुण्यांचा.
याळिनीने पाठवलेली चॉकलेटं दिली. "तिला थँक यू सांग," म्हणाली. मी म्हटलं तूच फोनवर सांग ना तमिळमध्ये. लाजली. "मला आता पटकन येत नाही."
मॅडमचा दुपारी फोन. अपीलची मुदत संपत आलीय, काय ते कळवा. कळवते म्हटलं. अजून कळवलेलं नाही.
संध्याकाळी इरा कंगवा घेऊन मांडीपाशी येऊन बसली.
"तू उद्या जाणार ना?"
"हो."
"मग घट्ट घाल वेणी. सोमवारी शाळेपर्यंत राहायला पाहिजे."
घट्ट घातली. दुखतंय का, विचारलं. नाही म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, मान मात्र हलवली नाही.