दहा चाळीसची बस

३ नोव्हेंबर, सोमवार

निळं! आमचं घर निळं केलंय!

टॅक्सीवाल्याला म्हटलं, पुढे घ्या, हे नव्हे. तो म्हणाला, "हेच हो बाई. मालिकेतलं घर ना? सगळे इथेच उतरतात." ज्या घरात मी रांगले, त्याचा पत्ता हा मला मालिकेवरून सांगतोय. उतरले.

बाबा दाराबाहेर खुर्चीत. "कोण? धाकटा का?" म्हणाले. जूनमध्ये मी केस कापले, त्यावरचा हा शेरा. वय ब्याऐंशी, जिभेची धार तशीच. आमच्या घरात सरळ कोणी बोलतच नाही. आई गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "शांतपणे गेल्या." बाबा म्हणाले, "चला, एक तरी काम तिनं शांतपणे केलं." आणि मग दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. ज्याला यातलं पहिलं वाक्यच ऐकू येतं त्यानं आमच्याकडे येऊ नये.

चहा त्यांनीच केला. नवीन खोड — ओतताना कपात बोट! "बाबा, बोट!" तर म्हणतात, "साखर जास्त झाली असेल तर बोटाला कळते." मी मुकाट्यानं प्यायले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज बस पाहिली. दहा चाळीसला येते. चाळीस माणसं, चाळीस टोप्या. 'एका दिवसात सात ठिकाणं — मालिकेचा किनारा.' आम्ही सहावं ठिकाण. मालिकेतली सून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून नवऱ्याच्या बोटीची वाट बघत तीनशे भाग रडली. आता बायका रांग लावून त्याच खिडकीत रडतात. आतून. मी भांडी घासत होते, एक बाई मला म्हणाली, "जरा बाजूला होता का, फ्रेममध्ये येताय."

माझ्या आईच्या मोरीपुढून मला बाजूला व्हायला सांगितलं!

झाले.  तीस वर्षं वर्तमानपत्राच्या सदरात लोकांची टर उडवून पोट भरते, आणि ऐन वेळी हातात घासणी घेऊन बाजूला.

पण खिडकीचं एक वेळ सोडते. भिंतीचं सोडणार नाही. समुद्राकडची आमची भिंत पांढरी असते, कारण ती भिंत नाहीच, खूण आहे. बाबा चाळीस वर्षं इथल्या बंदराचे वाटाडे होते. परक्या बोटीवर चढायचं आणि खडकांतून तिला आत आणायचं. इथली रीत अशी : धक्क्यावरचा पांढरा खांब आणि आमची पांढरी भिंत एका रेषेत दिसली की तुम्ही खोल पाण्यात. रेष मोडली की खडक. दरवर्षी बाबा स्वतः शिडीवर चढून चुना मारायचे. सणासुदीला आम्हाला कपडे नसले तरी चालतील, भिंत पांढरी हवी.

ती निळी केली मालिकेच्या कंपनीनं, जिची ही बस. का, तर पडद्यावर उठून दिसते!

संध्याकाळी धाकट्या भावाला फोन. तो पलीकडच्या शहरात, रविवारी अर्धा तास तोंड दाखवून जातो.

"तू बाबांचं घर विकलंस."

"ताई, तुझे विषय संपले की तुला घर आठवतं."

"भिंतीचं काय?"

"सगळ्या बोटींवर आता यंत्रं आहेत. भिंत बघून कोण येतं? आणि सही बाबांनी केलीय, मी नाही. विचार त्यांना."

विचारलं. बाबा म्हणाले, "भिंत? पांढरीच आहे की."

घ्या! हाडाचा टोमणेबाज. एका वाक्यात कंपनीलाही मारलं, धाकट्यालाही, आणि उशिरा आलेल्या मलाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

करारपत्र सापडलं, कपाटात, आईच्या चष्म्याच्या डबीखाली. सहीसाठी खाली चांगली मोठी रेघ आखलीय. बाबांनी सही केलीय ती मधोमध, छापील मजकुरावरून तिरकी. रंगाच्या कलमाच्या बरोब्बर डोक्यावरून! म्हातार्‍यानं कागदाला त्याची लायकी दाखवली. पाच मिनिटं एकटीच हसले. मग पुन्हा राग आला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तिकीट काढून सहलीला गेले. शत्रूचा मुलूख आतून बघावा.

वाटाड्या — याला मार्गदर्शक म्हणतात, मी वाटाड्या हा शब्द याला देणार नाही — पंचेचाळिशीचा, डोक्यावर कप्तानाची टोपी, गळ्यात भोंगा. म्हणून त्याचं नाव भोंगा. सकाळी साडेसहाला बस सुटल्या सुटल्या त्यानं जाहीर केलं की तो स्वतः मालिकेत होता. भाग एकशे बारा. पोस्टमन. "माझा हात दिसतो, मंडळी. पत्र देताना. चेहरा कापला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हाताला!

पहिलं ठिकाण, कडा. इथून सुनेनं उडी मारली नाही. चार भाग मारली नाही. ती जिथे उभी राहून मारली नाही तिथे आता कठडा बांधलाय, कारण मागच्या वर्षी एक गृहस्थ तिथे उभे राहून मारता मारता राहिले.

दुसरं, इस्पितळ. म्हणजे बर्फाच्या कारखान्याचं ऑफिस. सासरे इथे वारले. आत कारकून न्याहारी करत होता. त्याच्याकडे बघून एका काकूंनी डोळे पुसले. बिचारा घास तोंडात धरून बसला.

तिसरं, चौथं — लिहीत नाही, दातओठ खाऊन दात दुखतात.

पाचव्या ठिकाणी मात्र माझं डोकं गेलं. धक्क्याजवळचा बाक. मालिकेतला नवरा बुडाला म्हणून त्या बाकावर फुलं, चिठ्ठ्या, लहान मुलांनी काढलेली चित्रं. त्याच्या शेजारी दगड आहे. खरा. या बंदरातून गेले आणि आले नाहीत त्यांची नावं कोरलेला. एकवीस नावं, त्यातला एक माझा मामा. दगडावर लोकांनी पिशव्या ठेवल्या होत्या, पाण्याच्या बाटल्या, एकीनं पर्स. कधीच नव्हता त्याला फुलं, आणि होते त्यांच्यावर पर्स!

मी पिशव्या उचलून एकेक खाली ठेवल्या. पर्सवाली म्हणाली, "अहो, हात काय लावताय?" मी म्हटलं, "तुम्ही माझ्या मामाच्या छातीवर ठेवलीत." ती नवऱ्याला म्हणाली, "यांना पण मालिकेतच घेतलंय वाटतं."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कालचं सहावं ठिकाण काल लिहिता आलं नाही. दोन पानं फाडली.

बस आमच्या दारात. भोंगा सगळ्यांच्या आधी उतरला. आत गेला. बाबांना कोपराला धरून बाहेर घेऊन आला — इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला! — आणि खुर्चीत बसवलं. "मंडळी, हे आजोबा. हे खरे." खरे! आणि माझे बाबा, जे उभ्या आयुष्यात कोणा पाहुण्याशी गोड बोलले नाहीत, ते बोलायला लागले. खांब, भिंत, रेष, सगळं. "पांढरी भिंत आणि पांढरा खांब एका रेषेत आणा, आणि मग खुशाल डोळे मिटून आत या."

लोकांनी निळ्या भिंतीकडे बघितलं आणि हसले. फोटो काढले. बाबाही हसले. भोंगा तेवढा हसला नाही. मुरलेला नट. पंधरा मिनिटं झाल्यावर त्यानं पुन्हा कोपर धरलं आणि म्हणाला, "आजोबा, पायरी." आणि आत नेलं. मिरवणूक समाप्त.

मी मागच्या दारानं जाऊन त्याला गाठलं. माझ्या वडिलांचं तू माकड केलंयस, म्हटलं. तो गडबडला. "ताई, ते स्वतः येऊन बसतात. त्यांना बरं वाटतं. लोक विचारतात ना." "तुला कोणी सांगितलं त्यांना काय वाटतं?" टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्ही राहणार आहात का आता इथे?"

म्हणजे मी कधी टळते ते विचारतोय! धीटपणा बघा.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाबांना म्हटलं, आजपासून बाहेर बसायचं नाही. म्हणाले, "बरं." आणि दहा चाळीसला बाहेर.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सदर लिहून झालं. तीन दिवस त्यात जीव ओतला. कडा, कारकून, दगडावरची पर्स, सगळ्यांना हारतुरे दिले, आणि शेवटचा मान भोंग्याला. 'ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला कोपराला धरून तो असा आणतो जसं दरवेशी अस्वलाला. अस्वलाचं नशीब बरं, त्याला निदान कळतं की आपल्याला बांधलंय.' बऱ्याच दिवसांनी हाताला अशी चव आली.

पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखवलं. पर्सला हसले. भोंग्याला नाही.

"त्याला वगळ."

"का?"

"बरा माणूस आहे."

बरा माणूस! बाबा! ज्यांनी आपल्या सख्ख्या व्याह्यांना 'फर्निचर म्हणून ठीक' म्हटलं! मला इतकं हसू आलं की ठसका लागला. 'बरा माणूस' हे शीर्षकच करून टाकलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

छापून आलं. संपादकांचा फोन : वर्षातलं सर्वोत्तम. वाचकांचे निरोप थांबत नाहीत. धाकट्याचाही आला, "झालं समाधान?" झालं. पुरेपूर झालं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जिंकले! कंपनीचं पत्र. 'कुटुंबीयांच्या भावनांचा आदर करून' सहावं ठिकाण रद्द. भिंतीचं कलम मागे. आणि 'संबंधित मार्गदर्शकास सेवेतून कमी करण्यात आलं आहे.' शेवटची ओळ दोनदा वाचली. खरं सांगायचं तर किंचित खटकली. पण सुक्याबरोबर ओलंही जळायचंच. चुन्याची पिंपं मागवली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सातला रंगारी. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी, साडी खोचून. दहापर्यंत निळं गेलं. दोन हात अजून लागतील.

बाबा वासानं बाहेर आले. "काय चाललंय?"

"चुना मारतोय."

"कशाला? भिंत पांढरीच आहे की."

रंगारी इतका हसला की ब्रश पिंपात पडला. मीही. बाबा हसले नाहीत. हात पुढे करून भिंतीवर तळवा टेकवला, ओल्या चुन्यात, आणि हाताचा वास घेतला. मग आत गेले. रुसले म्हणायचे.

दहा चाळीसला पुन्हा बाहेर, इस्त्रीच्या शर्टात. बस आली, आमच्यापुढून न थांबता गेली. चाळीस टोप्या काचेला.

"आज पुढे थांबली का?"

"थांबणार नाही, बाबा. आज नाही, उद्या नाही. संपलं ते."

 ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच. मी दोनदा आत या म्हटलं. मला संताप आला — हो, बाबांचाच! कोणासाठी भांडले मी? अस्वलाला दोरीची आठवण येते?

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाबांनी शर्ट उलटा घातलाय. शिवण बाहेर. दिवसभर तसाच. माझ्याशी बोलायचं नाही, म्हणून कपड्यांनी निषेध! मीही हूं की चूं केलं नाही. मीही त्यांचीच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

भोंगा आला होता. टोपी नाही. दारातूनच औषधांची डबी पुढे केली, रोज येता-जाता तो यातून बाबांच्या गोळ्या काढून ठेवायचा म्हणे. "लाल सकाळची, पांढरी रात्रीची. आता तुम्ही देत जा."

म्हटलं, "का? त्यांचं त्यांना कळत नाही?"

डबी माझ्या हातात ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, "ताई, दीड वर्ष झालं, त्यांना दिसत नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. सगळं तर लिहिलंत तुम्ही."