ओहायोचं कॉलेज माझ्याकडे

५ नोव्हेंबर २०१७, सकाळी सात
आजपासून रोजनिशी. मेहरुन अमेरिकेत इंजिनिअर होणार, तर बापाने हे काम कसं पार पाडलं याची कुठेतरी नोंद हवी.
मस्कतला चौदा वर्षं काढली. पोरीची शाळा पहिलीपासून बारावीपर्यंत तिकडचीच. जूनमध्ये कायमचे पुण्याला परतलो. इथल्या कॉलेजच्या खिडकीत ‘बारावी मस्कत’ म्हटलं की क्लार्क आपल्याकडे असं बघतो, जणू आपण मार्कलिस्ट विमानतळावर विकत घेतली. म्हणून अमेरिका. पण स्कॉलरशिप मिळाली तरच. नाही मिळाली तर पोरीचं आणखी एक वर्ष गेलंच.
संकल्प: तिच्यावर दबाव आणायचा नाही. कुणाला सांगायचं नाही. कमी बोलायचं.

६ नोव्हेंबर
दादामियाँला सांगितलं. सख्खा मोठा भाऊ म्हणजे काही ‘कुणी’ नव्हे.

८ नोव्हेंबर
दादामियाँचा मार्केट यार्डात लिंबांचा गाळा. तिथल्या तीन हमालांनी विचारलं, अमेरिकेचं कुठवर आलं? दादामियाँच्या पोटात काही राहत नाही. आमच्या घरात हा दोष फक्त त्याच्यात आहे.

१२ नोव्हेंबर
मेहरुन लॅपटॉपवर फॉर्म भरते, मी शेजारी बसून धीर देतो. ती म्हणाली, अब्बा, तुम्ही शेजारी बसलात की मला टाइपच होत नाही. थकली असणार. विरंगुळा म्हणून धंद्यातली एक युक्ती सांगितली.
मस्कतला मी घरोघर एसी दुरुस्त करायला जायचो. काही मालक डोक्यावर उभे राहायचे. हे खोलू नका, ते फिरवू नका. अशा माणसाच्या हातात मी बॅटरी द्यायचो. साहेब, उजेड तेवढा इकडे धरा, फार नाजूक काम आहे. मग तो मान मोडेपर्यंत उजेड धरून उभा. लुडबूड बंद, शिवाय एसी आपणच दुरुस्त केला म्हणून खूश.
मेहरुनला गोष्ट फार आवडली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

१३ नोव्हेंबर
कामाची वाटणी झाली. एकूण सहा कॉलेजं. मेहरुन आपणहून म्हणाली, पाच मी बघते, ओहायोचं तुम्ही सांभाळा, फार नाजूक काम आहे.
ऐकून नूरबानू तोंडाला पदर लावून आत गेली. बायकोचं मन हळवं. भरून आलं असणार.

२६ नोव्हेंबर
ओहायोसाठी निबंध हवा, उमेदवाराने स्वतःबद्दल लिहिलेला. मी लिहिला. विषय: माझे वडील. नऊ पानं. मेहरुन म्हणाली, साडेसहाशे शब्दांच्या वर चालत नाही. अमेरिकनांना घाई फार.

२ डिसेंबर
निबंध कापून चार पानांवर आणला. सगळ्या कागदांच्या ट्रू कॉप्या काढून वकिलाकडून शिक्के मारून घेतले. निबंधावरही मारून घेतला. वकील म्हणाले, यावर शिक्का कशाला? म्हटलं, मारा. आपली बाजू पक्की हवी.

३१ डिसेंबर, दुपारी
उद्या सगळ्या फॉर्मांची शेवटची तारीख. मेहरुन अंघोळीला गेली होती. मिशिगनच्या कॉलेजचा फॉर्म उघडाच होता. खरं म्हणजे ते कॉलेज माझ्याकडे नाही. सहज नजर टाकली. ‘वडिलांचा व्यवसाय’ याच्यापुढे तिने लिहिलं होतं, एसी मेकॅनिक. तिथे मी ‘थर्मल कन्सल्टंट’ केलं. एवढीशी सुधारणा. पोरीला हे सुचलं नाही, लहान आहे.

३ जानेवारी २०१८
फॉर्म गेल्यावर तिला ती सुधारणा दिसली. रडली. मिशिगन हे एकच कॉलेज मला मनापासून हवं होतं, म्हणाली. मग तिनेच त्या कॉलेजला चूक कबूल करणारी ईमेल पाठवली. निबंधात एक आणि फॉर्ममध्ये दुसरंच, आता ते मला खोटारडी समजतील, असं काहीतरी म्हणत होती. मी विचारलं, निबंधात काय आहे? तिने लॅपटॉप मिटला.
एका शब्दासाठी इतकं? पण मला जेवण गेलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

९ जानेवारी
मेहरुन अजून बोलत नाही. मिशिगनचंही उत्तर नाही. घरात फक्त कुकर बोलतो. मी ओहायोवर लक्ष केंद्रित केलं आहे. मान दुखते.

२० जानेवारी
ओहायोचा इंटरव्ह्यू! त्या कॉलेजात शिकलेले एक यज्ञेश्वर साठे सदाशिव पेठेत राहतात, ते उमेदवाराशी बोलून कॉलेजला कळवतात. फोनवर म्हणाले, मुलीला एकटीला पाठवा. मी फक्त स्कूटरवरून सोडायला जाणार आहे. वर जाणार नाही.

२१ जानेवारी
वर गेलो. माणूस एवढा वेळ काढतोय, आणि आपण खाली उभं राहणं बरं दिसत नाही. पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून मस्कतचा हलवा आणि खजूर नेले होते. इंटरव्ह्यू चाळीस मिनिटं चालला. त्यात मेहरुन अंदाजे सहा मिनिटं बोलली. उरलेलं मी सांभाळून घेतलं. साठ्यांनी मध्येच विचारलं, “ॲडमिशन नक्की कुणाला हवी आहे?” मिश्कील माणूस. रंगात आला होता.
गंमत म्हणजे मेहरुन परतताना हसत होती. अठरा दिवसांनी हसली.

२३ जानेवारी
साठ्यांकडून हलव्याचा डबा परत. वर चिठ्ठी: ‘मिळाला. उघडला नाही. परत पाठवत आहे. उमेदवाराकडून काही घेता येत नाही, उमेदवाराच्या वडिलांकडून तर नाहीच.’
डायबेटिस असणार.

११ फेब्रुवारी
मिशिगनने ईमेल पाठवून आणखी माहिती मागवली. म्हणजे काय, ते मेहरुन सांगत नाही. नखं खाते. माझ्यामुळे गेलं तर? हा विचार आज पहिल्यांदा आला. लगेच घालवला. पुन्हा आला. 

१७ मार्च, सकाळी साडेसहा
ओहायो: नाही. दोन ओळी. मी तीन वेळा वाचल्या. दादामियाँला काय सांगू? हमालांना काय सांगू? मेहरुननेच मला चहा करून दिला.

२४ मार्च, सकाळी सात
मिशिगन: हो. स्कॉलरशिपसकट. नूरबानू रडली, मेहरुन रडली, मीही. मग मेहरुनने मिशिगनला पाठवलेला निबंध वाचून दाखवला. पहिलंच वाक्य: माझे अब्बा एसी दुरुस्त करतात. पुढे सगळं तेच. सहा वर्षांची असताना मी तिला कामावर नेलं, कॉम्प्रेसर उघडून दाखवला, तिथून तिला यंत्रांचं वेड लागलं. मी हे विसरलो होतो. आणि मी ‘मेकॅनिक’ खोडलं. मला माझी लाज वाटत होती, पोरीला नव्हती. बाकीच्या चार कॉलेजांत स्कॉलरशिप मिळालीच नव्हती. वर्ष जाता जाता राहिलं.
जरा वेळाने विचारलं, मग ओहायोत आपलं काय चुकलं?
“काही नाही, अब्बा. मला तिथे जायचंच नव्हतं,” मेहरुन म्हणाली. “ती बॅटरी होती.”
नूरबानूला नोव्हेंबरपासून माहीत होतं.

२५ मार्च
मानेला तेल लावून घेतलं. कुणाला फोन केला नाही.