दहा दातांचं पिनियन

३ मार्च

घरात अक्कल फक्त पोरीला आहे, असा तिचा समज. आज मेहुण्याच्या गॅरेजात सगळ्यांसमोर मला शिकवायला निघाली.

झालं असं — गाडीचा मागचा डिफ, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारी दात्यांची पेटी, उघडला होता. आतली क्राऊन-पिनियनची जोडी झिजून गेली आहे. क्राऊन म्हणजे मोठं चक्र, त्याला सदतीस दात. त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन, त्याला नऊ. मेहुण्याकडे बदलीच्या जोड्या दोन, क्राऊन दोन्हींत सदतीसचंच. एकीचं पिनियन दहा दातांचं, लांब पल्ल्याच्या मोटारीतलं. दुसरीचं आठ दातांचं, टेम्पोतलं. दहा घातलं की गाडी सुसाट, पण चढाला, वळणातून निघताना ओढ कमी. आठ घातलं की ओढ जबरदस्त, पण टॉप स्पीड गेला. मी दहाला हात घातला. पोरगी म्हणाली, "आठ."

रॅलीच्या गाडीला टेम्पोचं पिनियन! उद्या म्हणेल, मागे सिमेंटची पोतीही टाका.

५ मार्च

पोरगी दिवसभर दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवते आणि संध्याकाळी मला वाकवायला बघते. रॅलीत माझ्या शेजारी बसून वहीतून पुढची वळणं वाचून सांगते, म्हणून हा अधिकार. गेल्या तीन रॅल्यांचे व्हिडिओ बघून वहीत रेघोट्या मारून आणल्या. "बाबा, पाचवा गिअर किती वेळा टाकलात? एकदाही नाही. चौथा सात वेळा. वळणातून निघताना गाडी रडते आणि तुम्ही टॉप स्पीडच्या गप्पा मारता."

म्हटलं, पंचवीस वर्षं बस चालवतोय मी. तर म्हणते, "शाळेची. चाळीसच्या वर नाही."

आत बायको हसली. मला ऐकू आलं.

६ मार्च

पैज लागली. घोडा मैदान जवळच आहे.

दहा दातांचं बसवायचं. पहिल्या तिघांत आलो नाही, तर पुढची रॅली ती चालवणार आणि मी शेजारी बसून वळणं वाचणार. आलो, तर तिने पुन्हा स्टिअरिंगचं नाव काढायचं नाही. चार वर्षं मागे लागली आहे त्या स्टिअरिंगच्या. लगेच हात पुढे केला तिने. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नऊ वर्षं झाली ना बाबा, एकदाही तिघांत नाही?" जखमेवर मीठ चोळायची काय गरज होती?

मी गंमत नाही करत. स्टिअरिंग सोडायची कल्पनासुद्धा सहन होत नाही. आठवडाभर मी चाळीसने चालतो ते त्या एका दिवसासाठी.

९ मार्च

बसमधून उतरून थेट गॅरेजात. डिफ बंद, चाकं खाली, मेहुणा हात पुसतोय. "बसवलं, भाऊजी. आता पळेल." बस, एवढंच. हा माणूस जन्मभर मूग गिळून बसलेला.

एक मात्र त्याने आधीच बजावलं होतं — मीटरची केबल गिअरबॉक्समधून येते. पिनियन बदललं की मीटर खोटं बोलणार. दहा दात असले तर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार. दाखवू दे. मला माहीत आहे ना.

मागच्या गल्लीत एक फेरी मारली. काय उसळली गाडी! मेहुण्याने कार्बोरेटरही साफ केला होता, त्याचा हा गुण. हात आहे त्याच्याकडे.

१२ मार्च

गाडी धुतली. बायको म्हणते, लग्नात मला इतकं निरखून पाहिलं नव्हतंत.

१७ मार्च

पहिला! आमच्या गाड्यांच्या वर्गात पहिला! चार सेकंदांनी!

नऊ वर्षं मी आठवा, नववा, एकदा तर खड्ड्यात. आज प्रत्येक वळणातून गाडी अशी निघत होती की मलाच पाठीत धक्का बसत होता. आणि खाणीनंतरचा तो सरळ रस्ता — पाचवा पडला! आयुष्यात पहिल्यांदा! काटा एकशे तीसवर. दहा दातांमुळे मीटर कमी दाखवतं, म्हणजे खरे जवळजवळ एकशे पंचेचाळीस. मी ओरडून पोरीला सांगितलं. तिने वही तोंडापुढे धरली होती, खोकत होती. धूळ फार होती.

तीही आज एकाही फाट्याला चुकली नाही, मीटरवरचं अंतर खोटं असताना. कसं जमवलंस विचारलं, तर म्हणे, "गुणाकार केला, बाबा."

बक्षीस घेताना मी माइकवर सांगून टाकलं — दहा दात! लोक हसले. हसोत. पोरीने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. हरूनही इतकी खूश. गुणाची आहे माझी लेक, उगाच बोलतो मी तिला.

१८ मार्च

कप बसमध्ये समोर ठेवला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, काढा. संध्याकाळच्या फेरीला परत ठेवला.

२१ मार्च

दुसरा आलेला बेकरीवाला भेटला. विश्वासच बसत नाही त्याचा. "दहा दातांवर त्या चढाला गाडी ओढेलच कशी?" म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? शनिवारी ये, मोजून दाखवतो. सोपं आहे — मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. वरचं चाक दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि खाली गिअरबॉक्समधून डिफकडे येणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजायचे. दहा दात असतील तर चारच्या आत.

जेवताना पोरीला हे सांगितलं. म्हणाली, "कशाला उगाच, बाबा?" आणि पाणी प्यायला उठली.

२३ मार्च

बेकरीवाला यायच्या आधी गाडी जॅकवर घेतली, शाफ्टवर खडूची खूण केली. एक, दोन, तीन, चार — आणि खूण पुढे गेली. पुन्हा मोजलं. पाचदा मोजलं. साडेचारच्याही पुढे.

आठ दात.

मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाची म्हणाली, मामा, स्टिअरिंग गेलं तरी चालेल, यंदा बाबा जिंकले पाहिजेत."

गाडीखाली पडल्या पडल्या रडलो. मग बेकरीवाला आला. म्हटलं, आठ आहेत. लेकीने निवडलेले.

पुढच्या रॅलीचा अर्ज भरला. चालक म्हणून तिचं नाव, खाली माझं. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा, वळणं वाचायची आहेत.