जयवंताच्या येशूची उलटतपासणी

९ मार्च, रविवार

आज जयवंताला पार निरुत्तर केलं! तीस वर्षांपासूनची शेजारीण. ती दवाखान्यातली मेट्रन, मी कोर्टातली स्टेनो. आता दोघी रिटायर, भांडायला तिच्या येशूशिवाय दुसरं आहे काय?

म्हटलं, येशू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला आणि पहिलं शुभवर्तमान लिहायला चाळीस वर्षं? आमच्याकडे तक्रारीला चार दिवस उशीर झाला तरी वकील फाडून खायचे. पौल म्हणतो पाचशे जणांनी पाहिलं — एकाचं नाव नाही, पत्ता नाही! आणि मत्तय लिहितो, मेलेले कितीतरी संत थडग्यांतून उठून शहरात गेले. शुभवर्तमानं लिहिणारे बाकी तिघं यावर गप्प. अगं, इतवारीच्या बाजारात एक मेलेला माणूस फिरला असता तर संध्याकाळपर्यंत पार मौदा गावापर्यंत बोंब गेली असती!

ती चहा ओतत म्हणाली, "तुले चहात साखर पायजे का नाही, ते सांग."

१२ मार्च, बुधवार

आज तिनं मला गाठलंच. चौघांच्या जबान्या जुळत नाहीत, असं मी म्हटलं. तर म्हणाली, "तूच सांगते ना वं, पढवलेले साक्षीदार एकसारखं बोलतात म्हणून?"

सांगते खरं. तिनं दिलेला चिवडा खाल्ला.

१८ मार्च, मंगळवार

जयवंताचा रिपोर्ट आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. तिनंच वाचला, तिनंच मला समजावून सांगितलं. "दोन-तीन हप्ते." मी रडले तर माझ्यावरच डाफरली.

२६ मार्च, बुधवार

दवाखान्यात गेले. पाळकसाहेब, चर्चच्या मंडळीतल्या बाया — सगळे हळू आवाजात बोलत होते. ते गेल्यावर जयवंता म्हणाली, "तो उठला हे सांगण्यापायी शिष्यांनी जीव देला. खोट्यासाठी कोणी मरते का?"

याचं उत्तर माझ्याकडे वीस वर्षांपासून तयार आहे. माणूस खोट्यासाठीही मरतो, त्याला ते खरं वाटलं की झालं. शिवाय कोण कसा मेला, या कथा बऱ्याचशा नंतरच्या. पण तिच्या हातातली सलाईनची सुई बघितली. म्हटलं, "असेल बाई, तुझंच बरोबर असेल."

केवढी भडकली! "मले मरणारी समजून सूट देऊन राहिली का? बाकी सारे तेच करून राहिले. तू तं नको करू वं!"

मग दिलं उत्तर. पूर्ण दिलं. ती तावातावानं बोलत राहिली, खोकला येईस्तोवर. नर्सनं मला बाहेर काढलं.

२९ मार्च, शनिवार

आजचा विषय — येशूच्या कबरेवरचे पहारेकरी. कबर रिकामी दिसल्यावर लाच देऊन त्यांना गप्प केलं, तर मत्तयला सांगितलं कोणी? लाच घेणारा कधी बोलतो? जयवंता म्हणे, "वॉर्डबॉयले दोन कप चहा पाज, सारं सांगते." फार हसलो.

३ एप्रिल, गुरुवार

काल जयवंता गेली. आज माती झाली. पाळकसाहेब म्हणाले, ती पुन्हा उठेल. मला लगेच एक अडचणीचा प्रश्न सुचला. कोणाला विचारू?

५ एप्रिल, शनिवार

सकाळी कब्रस्तानात गेले. चौकीदार म्हणाला, "इतक्या लवकर काहून आल्या, बाई?" म्हटलं, आमच्यात तिसऱ्या दिवशी यायची रीत असते.

खोटं. मी बघायला गेले होते. माती जशीच्या तशी होती. आणि माझी निराशा झाली — माझी!